पहिला नंबर एकाचाच. मग बाकीच्या पोरांनी पळायचं कुणासाठी?

*भरतीची जाहिरात निघाली की गावं पळायला लागतात आणि निकाल लागला की थांबतात. शाळेतल्या पोरांना रोज हलतं ठेवायचं असेल तर मेडल आणि भरती यांच्या पलीकडचं कारण द्यावं लागेल. ते कारण एका वहीच्या पानावर मावतं.*

पहाटे पाचला आष्टी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या कुठल्याही डांबरी रस्त्याने निघालं की अंधारात पळणारी पोरं दिसतात. अंगात बनियन, हातात मोबाइलची बॅटरी, पायात मिळेल तो बूट. बाजूने दुधाच्या गाड्या जातात, हंगाम असला तर उसाचे ट्रॅक्टर जातात. पोलीस भरतीची नुसती चर्चा सुरू झाली तरी ही गर्दी वाढते. भरती संपली की तोच रस्ता पुन्हा मोकळा होतो.

त्याच रस्त्याने सकाळी साडेनऊला गेलं तर दुसरं चित्र दिसतं. पाचवी ते दहावीची पोरं शाळेला निघालेली असतात. कोणी शाळेच्या गाडीत बसलेलं, कोणी काळी-पिवळीत, कोणी बापाच्या मोटारसायकलवर तिबल सीट. दीड-दोन किलोमीटरची शाळा असली तरी चालत जाणारं पोरगं आता कमी दिसतं.

ही दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की प्रश्न कळतो. ज्याला एकोणिसाव्या वर्षी जिवाच्या आकांताने पळायचं आहे, तो अकराव्या वर्षी बसून आहे. मधली आठ वर्षं त्याला कोणी पळ म्हटलं नाही, आणि म्हटलं तरी कशासाठी पळायचं ते सांगितलं नाही.

अठराव्या वर्षी सुरू होणारी धावपळ

राज्यातल्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याशिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानात निम्मे गुण पडले नाहीत तर लेखी परीक्षेचा विचारच नाही. १६०० मीटरला पूर्ण २० गुण हवे असतील तर मुलाने ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं.

हा हिशोब जरा मांडून बघू. ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. ४०० मीटरच्या चार फेऱ्या धरल्या तर एका फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. समजा, एखादं पोरगं आज हे अंतर सात मिनिटांत, म्हणजे ४२० सेकंदांत पळतं. त्याला ११० सेकंद कमी करायचे आहेत. जाहिरात निघाल्यावर तीन महिन्यांनी मैदान असेल तर रोज सव्वा सेकंद कमी करावा लागेल. तेच पोरगं चौदाव्या वर्षी लागलं असतं तर अठराव्या वर्षापर्यंत ४८ महिने मिळाले असते. मग महिन्याला सव्वादोन सेकंद पुरले असते. शरीर काही गणिताप्रमाणे सरळ रेषेत सुधारत नाही हे खरं, आणि वाढत्या वयात ताकद आपोआपही येते. पण घाई कुठे आणि सवड कुठे, हे या आकड्यांत दिसतं.

घाईची किंमत शरीर मोजतं. नडगी दुखते, गुडघा धरतो, टाच ठणकते. पोरगं गोळी खाऊन पुन्हा पळतं. झारखंडमध्ये ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत मुलांना ६० मिनिटांत १० किलोमीटर पळायचं होतं. त्या मैदानी चाचणीत दहाहून जास्त उमेदवारांचा जीव गेला. उष्णता, तयारी, व्यवस्था यावरून तिथे बराच वाद झाला. पण ज्या शरीराला वर्षानुवर्षांची सवय नाही, त्याच्याकडून एका दिवसात सगळं वसूल करणं धोक्याचं असतं, एवढं तरी त्यातून शिकायला हवं.

आणखी एक गोष्ट भरतीच्या नादात विसरली जाते. २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत जागा साडेसतरा हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज आले साडेसतरा लाखांहून जास्त. म्हणजे शंभरात एक. उरलेल्या नव्व्याण्णवांना व्यायाम कशासाठी केला याचं दुसरं उत्तर नसेल, तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी बूट कोपऱ्यात जातात. तिशीत पोट सुटतं, चाळिशीत बीपी-शुगरची गोळी सुरू होते. गावोगावच्या मेडिकलवर आज हेच बघायला मिळतं.

‘रानात राबतो, मग व्यायाम कशाला?’

गावात व्यायामाचा विषय काढला की हे वाक्य हमखास येतं. ते एकेकाळी खरंही होतं. मोट हाकणं, कडबा वाहणं, डोक्यावर पाणी आणणं, मैलभर चालत शाळेला जाणं, यात शरीराचं सगळं होऊन जायचं. आज नांगरट ट्रॅक्टरने होते, फवारणी पंपाने होते, रानात जायला मोटारसायकल लागते आणि मोटार मोबाइलवरून चालू होते. ज्या घरी अजून राबणं आहे, तिथंही ते आई-बापाच्या वाट्याला आलंय. पोराने शिकावं म्हणून त्याला कामाला लावत नाहीत. हेतू चांगला आहे, पण काम सुटलं आणि त्याच्या जागी खेळ काही आला नाही. मधल्या रिकाम्या जागेत मोबाइल शिरला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी घाम येईल अशी हालचाल करावी, आणि त्यात आठवड्यातून तीन दिवस जोराची धावपळ असावी. याच संघटनेच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये जगभरची आकडेवारी मांडली, तेव्हा ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं एवढी हालचाल करत नसल्याचं दिसलं. मुलांपेक्षा मुली मागे होत्या. भारताचा आकडाही सत्तर टक्क्यांच्या वर होता. म्हणजे हे फक्त पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या पोरांचं दुखणं राहिलेलं नाही.

शिवाय राबणं आणि व्यायाम यांत फरक आहे. दिवसभर वाकून कापूस वेचला तर कंबर थकते, पण छातीचा भाता वाढत नाही. राबण्यातून थकवा येतो. दम, लवचिकपणा आणि ताकद या तिन्हींसाठी वेगळा, थोडा का होईना, वेळ द्यावा लागतो.

खेळाचा तास जातो कुठं?

शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो. पण दहावीच्या वर्गाचा तो तास गणिताला जातो, पावसाळ्यात मैदानावर चिखल असतो आणि उन्हाळ्यात ऊन. तास झालाच तर सर चेंडू देतात, चार-पाच दांडगी पोरं खेळतात आणि बाकीची झाडाखाली बसतात.

सगळा दोष गुरुजींच्या माथी मारून चालणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान असावं असं सांगितलं आहे. पण सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक त्या कायद्याने ठरवला तो पटसंख्या शंभरच्या वर असेल तर. वाडी-वस्तीवरच्या शाळेचा पट तीस-चाळीस असतो. तिथं खेळाचा वेगळा शिक्षक कायद्याच्या हिशोबातच बसत नाही. दोन शिक्षक, पाच वर्ग, वरून ऑनलाइन माहिती भरायची. अशा ठिकाणी खेळाचा तास सगळ्यात आधी मरतो.

दुसरी चूक जुनी आहे आणि ती बिनखर्चात सुधारता येते. कित्येक ठिकाणी पळणं आणि उठाबशा ही शिक्षा म्हणून वापरली जाते. गृहपाठ केला नाही, मार मैदानाला पाच चकरा. उशीर झाला, काढ पन्नास उठाबशा. कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहेच. पण त्यापेक्षा मोठं नुकसान असं, की पोराच्या डोक्यात व्यायाम म्हणजे अपमान हे पक्कं बसतं. ज्या गोष्टीने चारचौघांत मान खाली गेली, ती गोष्ट कोणी हौसेने का करील?

तिसरी अडचण स्पर्धेची. शाळेच्या क्रीडा महोत्सवात १०० मीटरला चाळीस पोरं उभी राहतात. तिघांना नंबर मिळतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच तिघे. बाकीच्या सदतीस जणांना दुसऱ्या वर्षापर्यंत कळून चुकतं की हे आपलं काम नाही. तालुका, जिल्हा, विभाग अशी गाळणी पुढे आणखी बारीक होत जाते. दहावी-बारावीचे क्रीडा गुण ठराविक पातळी गाठणाऱ्यालाच मिळतात. नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षणही त्याच वरच्या थराचं. हे सगळं असायलाच हवं, त्यातून खेळाडू घडतात. पण त्याचा सदतीस जणांना काही उपयोग नाही, आणि गावाची तब्येत ठरते ती या सदतीस जणांवर.

मांडव्याच्या पोराचं घड्याळ

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आज सगळ्या देशाला माहीत आहे. शेतकऱ्याचं पोर. शाळा लांब, गाडीची सोय नाही, त्यामुळे पायी आणि पळत शाळा गाठायची. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनची थंडी बघितली, राजस्थानची वाळू बघितली. पळण्याकडे गंभीरपणे वळला तो सैन्यात गेल्यावर.

त्याचा प्रकार ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंद वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची गोष्ट जास्त कामाची आहे.

विक्रम हातात आल्यावर देशात त्याला हरवणारं कोणी उरलं नव्हतं. तरीही त्याने आपलीच वेळ पुन्हा पुन्हा खाली आणली. २०१९ मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत ८ मिनिटं २१.३७. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८ मिनिटं १८.१२. तिथं त्याची अंतिम फेरी हुकली, पण वेळ मात्र तोवरच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० देऊन रौप्यपदक मिळालं, सोनं ०.०५ सेकंदाने गेलं. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सोनं आलं. २०२४ च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ०९.९१.

सहा वर्षांत वीस सेकंदांच्या जवळपास वेळ कमी झाली. एकदम कधीच नाही. कधी चार सेकंद, कधी दोन, कधी सेकंद-दीड सेकंद. टोकियोत फक्त नंबर बघितला असता तर तो हरलेला होता. घड्याळ बघितलं तर तो पुढे गेलेला होता. शाळेतल्या पोरांनी त्याचं मेडल बघून टाळ्या वाजवाव्यातच, पण शिकावं ते त्याच्या घड्याळाकडून. मेडल सगळ्यांना मिळणार नाही. स्वतःची कालची वेळ मात्र प्रत्येकाकडे असते, आणि ती मोडायला कोणाची परवानगी लागत नाही.

स्वतःचं ध्येय म्हणजे नेमकं काय

केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१९ ला राष्ट्रीय क्रीडा दिनी फिट इंडिया अभियान सुरू केलं. शाळकरी मुलांची तंदुरुस्ती मोजायच्या चाचण्या ठरवून दिलेल्या आहेत. चौथीच्या पुढच्या मुलांसाठी त्या अशा : ५० मीटर वेगात पळणं, ६०० मीटर पळत किंवा चालत पूर्ण करणं, ३० सेकंदांत पोटाचे अर्धे उठाव किती होतात ते मोजणं, दंड किंवा गुडघे टेकून दंड, बसून पाय सरळ ठेवून हात किती पुढे जातो ते बघणं, आणि उंची-वजन. यातलं काहीही करायला महागडं साहित्य लागत नाही.

अडचण होते ती मोजल्यानंतर. बऱ्याचदा आकडे ॲपमध्ये भरले जातात आणि विषय संपतो. ज्या पोराचे आकडे, त्यालाच ते माहीत नसतात. सगळी मेख इथं आहे. आकडा पोराच्या हातात दिला तर ते ध्येय होतं, नाहीतर ती नुसती माहिती राहते.

उदाहरण घेऊ. समजा, सातवीतल्या एका मुलीने ६०० मीटर चालत-पळत ४ मिनिटं १० सेकंदांत पूर्ण केले. वर्गात ती मागून तिसरी आली. नंबर बघितला तर ती उद्या पोट दुखतंय म्हणून बसेल. तिला सांगायचं, सहा आठवड्यांनी ४ मिनिटांत ये. २०० मीटरच्या तीन फेऱ्या धरल्या तर एका फेरीला तीन-साडेतीन सेकंद वाचवायचे. हे तिला जमण्यासारखं वाटतं आणि ते जमतंही. आधी दोन ठिकाणी चालत असेल तर एकाच ठिकाणी चालायचं, एवढ्याने निम्मं काम होतं. सहा आठवड्यांनी ती ४ मिनिटांच्या आत आली तर वर्गात ती कदाचित अजूनही मागून तिसरीच असेल. पण तिच्या वहीत ती जिंकलेली असेल.

वहीचं एक पान पुरतं. वर नाव आणि तारीख. खाली तीन ओळी : आज माझं किती, सहा आठवड्यांनी किती करणार, त्यासाठी आठवड्यातून कोणते दिवस काय करणार. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ‘मी वेगवान होणार’ हे ध्येय नाही, ती इच्छा झाली. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार शाळेतून येताना फाट्यापासून घरापर्यंत पळत येणार’ हे ध्येय. वेळ किती येईल हे पूर्णपणे पोराच्या हातात नसतं. फाट्यावरून पळत यायचं की नाही, हे असतं.

ज्याला पळायला आवडत नाही त्याला पळायलाच लावायचं कारण नाही. कोणाचं ध्येय न थांबता शंभर दोरीउड्या असेल, कोणाचं बारा सूर्यनमस्कार, कोणाचं दहा दंड, कोणाचं सायकलवर शाळा. कबड्डीतला दम मोजता येतो, तालमीतल्या जोर-बैठका मोजता येतात, लेझीमही घामच काढते. निवड पोराने केली की ते टिकतं. वरून लादलं की सर पाठमोरे झाल्याबरोबर थांबतं.

चुका कुठे होतात

पहिली चूक, ध्येय फार मोठं धरणं. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळालेलं पोरगं तिसऱ्या दिवशी उठत नाही. थोडं कमी वाटेल इतकंच ठेवावं.

दुसरी चूक, यादी भिंतीवर लावणं. कोणाची वेळ किती, कोणाचं वजन किती, हे वर्गात वाचून दाखवलं किंवा पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की पुन्हा तीच स्पर्धा आणि तोच अपमान. जाड पोराला ‘भोपळा’ आणि बारक्याला ‘काडी’ म्हणायला गावात वेळ लागत नाही. आकडा पोराचा, त्याच्या घरच्यांचा आणि सरांचा. जाहीर करायचंच असेल तर किती जणांनी स्वतःची वेळ सुधारली एवढं करावं.

तिसरी चूक, वजनालाच ध्येय करणं. वाढत्या वयात वजन आणि उंची वाढायलाच हवी. जेवण तोडून वजन कमी करायचा नाद या वयात घातक आहे. ध्येय ‘काय करता येतं’ याचं असावं.

चौथी चूक, विश्रांती न देणं. आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी हवीच. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथंच थांबायचं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. मार्च ते जून ऊन चढायच्या आत आटोपायचं, पाणी प्यायचं. उपाशीपोटी पळू नये. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा बहुतेक घरात निघतो.

मुलींचं गणित वेगळं

सातवी-आठवीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने खेळतात. नंतर त्या मैदानावरून हळूहळू दिसेनाशा होतात. पाळी सुरू झाली की आई जपायला लागते, घरकाम वाढतं, रस्त्यावर पळायचं तर लोक बघतात, आणि शाळेत कपडे बदलायला जागा नसते. मुलगी आळशी म्हणून खेळ सुटतो असं नाही. तिला जागा उरत नाही.

त्यात रक्ताची कमतरता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. जिचं हिमोग्लोबिनच कमी, तिला दोन फेऱ्यांत धाप लागणार. तिला ‘जोर लाव’ म्हणण्यात अर्थ नाही. तिचं पहिलं ध्येय शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी न चुकवता घेणं, पालेभाजी, कडधान्य, वर लिंबू, हे असायला हवं. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्या दिवशी मुलीला घरी ठेवू नये.

मुलींसाठी ध्येय उंबऱ्याच्या आतलंही चालतं. दोरीउड्या अंगणात होतात, सूर्यनमस्कार खोलीत होतात. फुगडी आणि झिम्मा पंचमीपुरतेच कशाला? दोन मिनिटं न थांबता फुगडी घालून बघा, दम किती लागतो ते कळेल. मानव विकास कार्यक्रमातून ज्या मुलींना सायकल मिळाली आहे, ती भावाला वापरायला न देता तिनेच चालवली तरी रोजचा निम्मा व्यायाम होतो. आणि मैदानच हवं असेल तर दोन-तीन मुलींनी मिळून जावं, सोबत एखादी आई असावी. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर दुष्काळी गावातूनच पळत निघाली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत उभी राहिली. माण आणि आष्टीच्या मातीत फार फरक नाही.

कोयत्यासोबत जाणारी वही

बीड जिल्ह्यात या विषयाला आणखी एक फाटा आहे. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. आई-बाप ऊसतोडीला, लेकरं कधी सोबत, कधी आजी-आजोबांकडे, कधी हंगामी वसतिगृहात. पाडव्याच्या आसपास परत येतात. शाळेने ऑक्टोबरात सुरू केलेला कुठलाही उपक्रम या पोरांसाठी मध्येच तुटतो. सांघिक खेळात तर त्यांची जागा दुसऱ्याला जाते.

स्वतःचं ध्येय इथंच कामाला येतं. त्याला संघ लागत नाही, मैदान लागत नाही. वहीचं पान दप्तरात घालून कारखान्याच्या तळावर नेता येतं. कोपीपुढच्या मोकळ्या जागेत दोरीउड्या होतात. परत आल्यावर सरांनी एवढंच विचारावं, ‘दाखव, किती झालं?’ पाच महिने ज्या पोराच्या अभ्यासाचं कोणी विचारलं नाही, त्याच्या वहीचं पान सरांनी बघितलं तर शाळा सुटण्याचं एक कारण तरी कमी होईल. अर्थात तळावर जे पोरगं मोळ्या बांधतं, धाकटं भावंड सांभाळतं, त्याला वरून व्यायाम सांगणं ही थट्टा होईल. त्याला आधी कामातून सोडवणं आणि शाळेत ठेवणं महत्त्वाचं. वही त्यानंतर.

खर्च किती, जबाबदारी कुणाची

खर्चाचा हिशोब सोपा आहे. अंतर मोजायला टेप गावात बांधकाम मिस्त्रीकडे असते. फक्की मारून २०० मीटरची फेरी आखता येते. मैदान नसेल तर पाणंद रस्त्यावर ५० मीटरच्या दोन खुणा पुरतात. वेळ मोजायला मोबाइल आहेच. ज्या मोबाइलने पोरं बसवली, त्याच्याकडून एवढं तरी काम करून घ्यावं.

जबाबदारी मात्र वाटून घ्यावी लागेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. बैठकीत शालेय पोषण आहार आणि बांधकाम याशिवाय एक प्रश्न विचारला तर कुणी अडवत नाही : या महिन्यात खेळाचे किती तास प्रत्यक्ष झाले? ग्रामसभेत सांगता येतं की शाळेच्या मैदानावर खडी-वाळूचे ढीग आणि मंडपाचं सामान नको. कित्येक गावांत ओपन जिमचं साहित्य बसवलंय, त्यातलं काही गंजलंय. नवीन आणण्याआधी आहे त्याला ग्रीस लावलं तर बरं.

भरतीची तयारी करणाऱ्या गावातल्या पोरांचाही उपयोग आहे. ती रोज मैदानावर असतातच. आठवड्यातून एक दिवस त्यांनी शाळेतल्या लहानांची वेळ घेतली तर शिक्षक नसलेल्या शाळेला आधार होईल. आणि त्यांनी स्वतः डांबरी रस्ता सोडून मातीवर, अंगावर चमकणारी पट्टी लावून पळावं. भरती पुढच्या वर्षीही येते.

पालकांनी करायचं काम सगळ्यात छोटं आणि सगळ्यात अवघड आहे. पोराने वही दाखवली की ‘शेजाऱ्याच्या पोराची किती?’ हा प्रश्न गिळायचा. त्याऐवजी ‘मागच्या महिन्यात तुझी किती होती?’ असं विचारायचं.

एका वहीने सगळं सुटेल असं कोणी समजू नये. मैदान नसलेल्या शाळेला मैदान हवंच, शिक्षक हवाच, ते मागत राहावंच लागेल. पण ते येईपर्यंत चौथीतलं पोरगं दहावीत जातं. त्याची वर्षं थांबत नाहीत.

येत्या सोमवारी एखाद्या शाळेने ६०० मीटरची फेरी आखली आणि चाळीस पोरांच्या चाळीस वेळा चाळीस वह्यांत लिहिल्या, तर सहा आठवड्यांनी त्या शाळेत एकाच्या जागी पंचवीस-तीस जिंकलेली पोरं सापडतील.